मायक्रॉनच्या हिशेबात: आमची वाटचाल

आमचा कारखाना मोठ्या यंत्रांत बसणारे छोटे सुटे भाग बनवतो: शाफ्ट (फिरणारे दंड), बुश (शाफ्टवर बसणाऱ्या नळ्या), पिन, स्पेसर (दोन भागांत अंतर राखणारे तुकडे) आणि आटे पाडलेले जोडभाग. वडिलांनी एका जुन्या लेथवर दुरुस्तीची कामे घेऊन हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा गिऱ्हाईक तुटलेला भाग हातात घेऊन येत असे आणि तसाच नवा करून मागत असे. माप त्या तुटक्या भागावरूनच घेतले जाई, ड्रॉइंग क्वचितच दिसे, आणि नवा भाग नीट बसला नाही तर तो जागेवर कानसने घासून बसवला जाई. आज ड्रॉइंगशिवाय एकही जॉब यंत्रावर चढत नाही आणि जो भाग घासून बसवावा लागतो तो रद्द धरला जातो. एखादा देश झपाट्याने औद्योगिक होऊ लागतो तेव्हा उत्पादनाचे आणि निर्यातीचे आकडे सर्वांना दिसतात. पण त्या वेगाचा भार छोट्या कारखान्यात, तिथल्या माणसांवर आणि त्यांच्या घरांवर कसा येतो, हे आम्ही आतून पाहिले आहे. तेच येथे लिहीत आहे.

वडिलांच्या काळात भरवसा माणसावर असे. भाग कोणी केला हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे आणि बिघाड झाला तर तो थेट कारखान्यात येत असे. मोठ्या कंपन्यांची जुळणीची कामे आमच्याकडे येऊ लागली तेव्हा हे नाते बदलले, कारण दूरच्या असेंब्ली लाइनवर उभ्या असलेल्या कामगाराला आमचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याच्या हाती आलेला बुश दुसऱ्याच कारखान्यात झालेल्या शाफ्टवर पहिल्या खेपेस बसला पाहिजे, एवढेच त्याला हवे होते. हा बदल जगात प्रथम घडला तेव्हाही त्याची सुरुवात साध्या स्क्रूपासूनच झाली होती. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने आटे पाडत असे, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेलच याची खात्री नसे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू जमवून त्यांचा अभ्यास केला आणि १८४१ मध्ये ५५ अंशांच्या कोनाचे एक समान प्रमाण सुचवले. ज्यांना ठिकठिकाणी इंजिने दुरुस्त करावी लागत त्या रेल्वे कंपन्यांनी ते उचलून धरले. औद्योगिकीकरण म्हटले की धुराडी आणि भट्ट्या डोळ्यांसमोर येतात, परंतु एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या कारखान्यांचे भाग एकमेकांत बसू लागणे, हा मला त्याहून मूलभूत बदल वाटतो.

त्याची किंमत काय असते, हे टॉलरन्सचे, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचे, पहिले कठीण काम आले तेव्हा समजले. ड्रॉइंगवर १०० मिलिमीटरच्या मापाला एकूण २० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाची, मुभा होती. यंत्रावरून नुकताच उतरवलेला शाफ्ट हाताला कोमट लागतो. पोलाद तापले की प्रसरण पावते आणि १०० मिलिमीटरचे माप १० अंश सेल्सिअसने जास्त तापलेले असेल तर ते साधारण ११ ते १२ मायक्रॉन मोठे भरते. म्हणजे निम्म्याहून अधिक मुभा नुसत्या उष्णतेतच संपते. म्हणून दुपारी यंत्रापाशी मायक्रोमीटरवर बरोबर दिसणारा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी लहान भरू शकतो, आणि त्यात कामगाराचाही दोष नसतो, मायक्रोमीटरचाही नसतो. लांबीच्या मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान १९३१ मध्येच आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. त्यामागचे कारण आम्हाला या शाफ्टने शिकवले. मग तपासणीसाठी वेगळी खोली केली, तिचे तापमान स्थिर ठेवण्याची व्यवस्था केली आणि भाग त्या खोलीत पुरेसा वेळ ठेवल्याशिवाय मोजायचा नाही असा नियम घातला. ज्या खोलीत एकही भाग तयार होत नाही तिच्यावर एवढा खर्च कशासाठी, असे वडिलांनी विचारले होते. नव्या काळातल्या भरवशाचा तो खर्च होता.

आमच्यासारखे कारखाने मुळात उभे राहू शकले ते विजेच्या मोटरीमुळे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. वाफेच्या काळात एका मोठ्या इंजिनाची शक्ती छताखालच्या लांब शाफ्टवरून, कप्प्या आणि पट्ट्यांच्या साहाय्याने सगळ्या यंत्रांपर्यंत पोहोचवली जाई. ती मांडणी मोठ्या गिरण्यांना परवडे, दोन-चार यंत्रांच्या मालकाला नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर बसू लागली आणि लहान जागेत, थोड्या भांडवलावर यंत्रशक्तीने काम करणे शक्य झाले. जपानमध्ये पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर छोट्या कारखान्यांत मोटरी वेगाने पसरल्या, आणि पुढे तिथल्या मोठ्या उद्योगांमागे पुरवठादारांची जी दाट उतरंड उभी राहिली तिला छोट्या कारखान्यांच्या या जाळ्याचा आधार मिळाला. एका मोटारगाडीतील भाग अगदी बारीक स्क्रूपर्यंत मोजले तर ते सुमारे ३०,००० भरतात. एवढे भाग कोणतीही एक कंपनी स्वतः बनवत नाही.

आता वेगाविषयी. ब्रिटनमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रयुग सुरू झाले आणि निम्मी लोकसंख्या शहरांत राहते असे आढळायला १८५१ ची जनगणना उजाडावी लागली. दक्षिण कोरियाने पहिली पंचवार्षिक योजना १९६२ मध्ये हाती घेतली. १९६० मध्ये तिथे सुमारे २८ टक्के लोक शहरांत राहत होते, १९९० मध्ये सुमारे ७४ टक्के. चीनमधील शेनझेन १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र ठरले आणि एका पिढीच्या आत ते जगातील मोठ्या उत्पादन केंद्रांपैकी एक झाले. संथ बदलही दयाळू असतो असे नाही, कारण ब्रिटनमधील हातमागाच्या विणकरांचे संसार त्यांच्या हयातीतच मोडले होते. तरीही दोन पिढ्यांत वाटला जाणारा बदल आणि एकाच माणसाच्या नोकरीच्या काळात कोसळणारा बदल यांत मोठा फरक आहे. पहिल्यात मुलगा वेगळा व्यवसाय शिकतो. दुसऱ्यात चाळिशी ओलांडलेल्या बापालाच पुन्हा उमेदवारी करावी लागते.

आमच्याकडील एका ज्येष्ठ टर्नरवर ही वेळ आली. सगळे त्यांना काका म्हणत. हातलेथवर त्यांनी उभी हयात घालवली होती आणि चिपेचा (कापून निघणाऱ्या धातूच्या सालीचा) रंग व वळण पाहून कटाची खोली कमी करायची की फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग), हे ते सांगत. छिद्रे पाडलेल्या फितीवरील आकड्यांच्या सूचनांवर चालणारे यंत्र अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत १९५२ मध्ये दाखवले गेले होते. आमच्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणारी, लेथ आली ती त्यानंतर कित्येक दशकांनी, आणि ती आली तेव्हा काकांना वाटले की आपले काम संपले. आम्ही त्यांना एका तरुण ऑपरेटरच्या जोडीला दिले. काही आठवड्यांनी त्या दोघांचे बोलणे माझ्या कानावर पडले.

“थांबव जरा. आवाज ऐकतोयस ना?”

“काका, स्क्रीनवर तर लोड बरोबर आहे.”

“लोड असू दे. इन्सर्ट काढून बघ.”

इन्सर्टची, म्हणजे लेथवरच्या कापणाऱ्या बदलत्या पात्याची, धार एका कोपऱ्यात नखाएवढीही नव्हे इतकी, अगदी सुईच्या टोकाएवढी उडाली होती. पुढचे भाग मापात आले असते, पण पृष्ठभागावर ओरखडा राहिला असता आणि त्या बुशमध्ये फिरणारा शाफ्ट लवकर झिजला असता. त्या दिवसापासून तरुण ऑपरेटरने काकांकडून आवाज शिकायला सुरुवात केली आणि काकांनी त्याच्याकडून प्रोग्राम वाचायला. कौशल्य यंत्राबरोबर नाहीसे होत नाही, ते जागा बदलते, आणि त्या नव्या जागेचा पगार मिळावा हा कामगाराचा हक्क आहे, असे आमचे ठाम मत तेव्हा झाले. मात्र प्रत्येकाच्या बाबतीत हे घडले नाही. हाताने घासून भाग बसवणाऱ्या फिटरांचे काम आटत गेले. काही जण यंत्रांच्या देखभालीकडे वळले, काहींनी कारखाना सोडला. वेगवान औद्योगिकीकरणाच्या यशाबद्दल बोलताना या माणसांचा उल्लेख झाला पाहिजे.

कामाइतकाच बदल घड्याळात होतो, आणि घड्याळातून तो घरात शिरतो. जपानमध्ये १८७३ पूर्वी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे सहा भाग पाडले जात, त्यामुळे उन्हाळ्यातला दिवसाचा तास लांब आणि हिवाळ्यातला आखूड असे. पहिली रेल्वे आणि तोमिओका येथील सरकारी रेशीम कारखाना ही दोन्ही १८७२ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षाच्या आरंभी नवे कॅलेंडर आणि समान लांबीचे तास लागू झाले. गाडी आणि कारखाना यांना ऋतूनुसार ताणला-आखडला जाणारा तास चालत नाही. तोमिओकाच्या त्या कारखान्यात सूत काढायला प्रामुख्याने तरुण मुली होत्या, म्हणजे नव्या वेळापत्रकात सर्वांत आधी शिरणाऱ्यांमध्ये घराबाहेर पडून मजुरी करणाऱ्या स्त्रिया होत्या. आमच्या तपासणी विभागातही आज स्त्रियांची संख्या अधिक आहे आणि त्यांच्या पाळ्या ठरवताना घरातील कोणाची पाळी केव्हा आहे हेही विचारात घ्यावे लागते. नवरा रात्रपाळीहून परततो त्याच वेळी बायको कामावर निघते, अशी घरे औद्योगिक देशांत कुठेही सापडतील.

यंत्राच्या तालावर माणूस फार काळ टिकत नाही, हे फोर्ड कंपनीने मोठी किंमत मोजून शिकले. १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क येथील कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन आली आणि मोटारीच्या सांगाड्याची जुळणी साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आली. पण त्याच वर्षी कामगारांच्या सोडून जाण्याचे प्रमाण ३७० टक्क्यांपर्यंत गेले, म्हणजे एकेका जागेवर वर्षात अनेक माणसे येऊन गेली. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने रोजची मिळकत पाच डॉलरपर्यंत नेली आणि दिवस आठ तासांचा केला. त्या निर्णयात औदार्यापेक्षा हिशेब अधिक होता, आणि हिशेबातून आलेला असला तरी तो चांगलाच होता. आम्हीही पाळ्यांचे चक्र संथ केले आणि ओव्हरटाइमला मर्यादा घातली. थकलेल्या माणसाच्या हातून पाळीच्या शेवटच्या तासांत रद्द होणारे भाग आणि बोटांना होणाऱ्या इजा यांची नोंद ठेवू लागलो, तेव्हा हे निर्णय परवडतात की नाही हा प्रश्न उरला नाही.

ज्याबद्दल मला सर्वांत अधिक तळमळ आहे ती गोष्ट उधारीची. दुरुस्तीच्या काळात काम हातात देताच पैसे मिळत. मोठ्या साखळीत शिरल्यावर माल द्यायचा, तपासणीची वाट पाहायची, बिल मंजूर होण्याची वाट पाहायची आणि मग पैशांची. आमच्या एका मोठ्या खरेदीदाराने ठरलेली मुदत एकतर्फी वाढवली, तेव्हा पोलाद पुरवठादाराचे पैसे आणि कामगारांचे पगार यांसाठी आम्हाला व्याजाने कर्ज काढावे लागले. म्हणजे छोटा कारखाना मोठ्या कंपनीला खेळते भांडवल पुरवत होता. ही गोष्ट केवळ आमची नाही. जपानची अर्थव्यवस्था वेगाने वाढू लागली तेव्हा तिथेही हेच घडत होते आणि म्हणून १९५६ मध्ये उपकंत्राटदारांचे पैसे देण्यातील दिरंगाई रोखणारा कायदा करण्यात आला. कारखाने वाढतात तेव्हा कायदा नेहमी मागून येतो. ब्रिटनमध्ये गिरण्या पसरून कित्येक दशके लोटल्यावर, १८३३ मध्ये, नऊ वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत कामावर ठेवण्यास बंदी झाली, आणि त्या कायद्यावर देखरेख ठेवायला संपूर्ण देशासाठी अवघे चार निरीक्षक होते. देशाच्या वेगाचे मोजमाप करणाऱ्यांनी कारखान्यांच्या संख्येबरोबर निरीक्षकांची संख्या आणि छोट्यांची थकलेली बिलेही मोजावीत, असे मला मनापासून वाटते.

आमच्यापुरते आम्ही एक बंधन स्वतःवर घालून घेतले आहे: उष्णोपचार आणि प्लेटिंग करून देणारे जे कारखाने आमच्याहूनही लहान आहेत, त्यांचे बिल आमचे पैसे आले की नाही याची वाट न पाहता ठरल्या तारखेला चुकते करायचे. त्यामुळे ते आमचे काम मागे ठेवत नाहीत आणि मालातील दोषही लपवत नाहीत.

सध्या पुन्हा एक वळण समोर आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीत इंजिन नसते, आणि आम्ही बनवत असलेल्या बुश-पिनांपैकी बऱ्याच इंजिनासाठीच जातात. मोटरच्या शाफ्टचे काम मात्र वाढणार आहे, आणि ते अधिक बारीक मापांचे आहे, कारण इंजिनाहून कितीतरी जास्त वेगाने फिरणाऱ्या शाफ्टला किंचितसाही असमतोल चालत नाही. त्यासाठी दंडगोल ग्राइंडिंगचे, म्हणजे गोल भाग फिरत्या घासचाकाने बारीक घासण्याचे, यंत्र घेतले आहे, दोन उमेदवार त्यावर शिकत आहेत, आणि निवृत्त झालेले काका त्यांना चाकाचा आवाज शिकवायला आठवड्यातून एकदा येतात. पहिले नमुने तपासणी खोलीत मोजून ग्राहकाकडे पाठवले आहेत. त्यांचा अहवाल आल्यावर पुढच्या लॉटचे सेटिंग सुरू होईल.