तुम्ही विचारलंत म्हणून : केगावला राहायला गेलात, परवडतं का?

सोलापुरात जुन्या गावातलं, बाळीवेशीतलं घर सोडून आम्ही पुणे रोडला, शहराच्या टोकाशी केगावला गेलो, तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. विचारणाऱ्याच्या पिशवीत बहुतेक वेळा कुठल्यातरी एनए (बिगरशेती) प्लॉटचं माहितीपत्रक असतं आणि त्यावर ‘शहरापासून फक्त 15 मिनिटं’ असं छापलेलं असतं. ही 15 मिनिटं कुणी, किती वाजता आणि कुठल्या चौकापर्यंत मोजली, ते काही छापत नाहीत.

परवडतं. पण कुणाला, ते आधी विचारा.

आमचे हे चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहेत. पूर्वी त्यांना जुना पुणे नाका, बाळे, केगाव सगळं मागं टाकत जावं लागायचं. आता ते शहराकडं पाठ करूनच घराबाहेर पडतात. गर्दी आत येत असते, हे बाहेर चाललेले असतात. मी नव्या पेठेत नोकरी करते. आधी चालत जायची, डबा विसरला तर दुपारी घरी येऊन जेवायची. आता स्कूटर, येऊन-जाऊन 18 किलोमीटर. म्हणजे त्यांच्या डोक्यावरचा प्रवास उतरला आणि माझ्या डोक्यावर बसला. हे चूक झालं असं मी म्हणत नाही. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला आधी घरी पोचू दे, हा हिशोब आम्ही दोघांनी मिळून केला होता. पण ‘घर लांब पडतं का’ याला एका घरात एकच उत्तर नसतं, एवढं कळलं.

पेट्रोलचा हिशोब सोपा, म्हणून सगळे तोच करतात. स्कूटर लिटरला 45 देते, पेट्रोल शंभराच्या वर. दिवसाला 40-42 रुपये, महिन्याला हजार-अकराशे. पेठेतल्या दोन खोल्यांचं भाडं आठवलं की हा आकडा बोचत नाही. बोचतं ते वेगळंच.

ऊन. याबद्दल कुणी सांगत नाही. केगाव शहराच्या पश्चिमेच्या अंगाला. सकाळी मी पूर्वेकडं निघते तेव्हा सूर्य समोर, संध्याकाळी पश्चिमेकडं परतते तेव्हाही समोरच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा 43 च्या पुढं जातो. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, हातांना मोजे, तरी बाळ्याच्या पुढं कपाळाला हात लावून गाडी चालवणारे रोज दिसतात. याउलट हैदराबाद रोडला, मुळेगावकडं राहणाऱ्याच्या दोन्ही वेळा ऊन पाठीवर. प्लॉट बघायला गेलात की पूर्व-पश्चिम वास्तूसाठी बघता ना, तशी ऑफिसच्या वाटेसाठीही बघा.

दुसरं म्हणजे हायवे. पुणे-हैदराबाद हा 65 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. रस्ता गुळगुळीत, खड्डा नाही, त्याचं कौतुक सगळे करतात. पण दुभाजकातला कट आपल्या गल्लीसमोर नसला की पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं. तेवढा वळसा नको म्हणून माणसं उलट्या बाजूनं गाड्या घालतात, तीही सहकुटुंब, पुढं पोरगं उभं करून. कारखाने सुरू झाले की त्यात उसाचे ट्रॅक्टर येतात. मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा असला तर असला. अंधारात दिवा दिसत नाही, आधी वाढ्याची, उसाच्या शेंड्याच्या पाल्याची सळसळ कानावर येते. थंडीत सातनंतर मी स्कूटर चाळीसच्या वर नेत नाही.

जुळे सोलापूरवाले म्हणतील, आमचं बरं आहे. अंतराच्या मानानं आहेच. पण तुमच्या आणि जुन्या गावाच्या मध्ये रेल्वेचे रूळ आहेत आणि पूल मोजके. आसरा पुलावर संध्याकाळी उभं राहून बघा.

आता सासूबाई. त्यांना गाडी येत नाही, मोबाइलवरून रिक्षा बोलावता येत नाही. बाळीवेशीत असताना दर सोमवारी सिद्धेश्वराला पायी जायच्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचे सातही नंदीध्वज, त्या उंच मानाच्या काठ्या, घराजवळून निघायचे, सवाष्णी आरत्या घेऊन दारात उभ्या. केगावला बाग आहे, मोकळं वारं आहे, आणि त्या कुणीतरी रिकामं होण्याची वाट बघत बसतात. महापालिकेच्या बसचा भरवसा धरू नका. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पण लांब पल्ल्याची गाडी प्रत्येक वस्तीपाशी कशाला थांबेल? राहिली शेअर रिक्षा. ती भरेपर्यंत निघत नाही, आणि भरली की चढताना म्हाताऱ्या माणसाचे हाल. केगाव 1992 च्या हद्दवाढीत शहरात आलं. आजही लोक त्या भागाला ‘हद्दवाढ’च म्हणतात.

लेकीचा क्लास हे चौथं प्रकरण. सहाला सोडायचं, साडेसातला आणायचं. मध्ये घरी जाऊन येणं मूर्खपणाचं. म्हणून क्लाससमोर आम्हा लांबून येणाऱ्या आयांचा अड्डा जमलाय. स्कूटरच्या सीटवर पेपर पसरून मेथी निवडतो, देठ पिशवीत, पानं डब्यात. कोणती शाळा, कोणता डॉक्टर, सगळी खबर तिथंच कळते. खरं सांगायचं तर तो दीड तास मला आवडतो, पण घरी हे सांगितलेलं नाही.

गावाबाहेर जाणं ही फक्त पगारदारांची गोष्ट नाही. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची 10 हजार घरं झाली, शेजारी रे नगरची 30 हजार घरांची योजना आली. त्यातली 15 हजार 2024 च्या जानेवारीत दिली गेली. हक्काचं पक्कं घर ही लहान गोष्ट नव्हे. पण विडी वळणाऱ्या बाईला पान-तंबाखू आणायला आणि वळलेला माल द्यायला जावं लागतं. तिचा कारखाना शहरात असेल तर रिक्षाभाडं थेट मजुरीतून जातं. माझे हजार रुपये आणि तिचे हजार रुपये सारखे नाहीत.

परवा ज्या बाईंनी विचारलं त्या शहरातल्या मोदी भागात भाड्यानं राहतात. दोघांच्या नोकऱ्या सात रस्त्याच्या आसपास, मुलगी अकरावीला, सासरे सत्तरीचे, आणि प्लॉट बघितलाय बाळ्याच्या पुढं. मी म्हटलं, तुमच्या घरातलं एकही माणूस पुणे रोडला कामाला जात नाही, मग तिकडं कशाला? विजापूर रोडला सैफुलच्या अलीकडं छोटा फ्लॅट बघा, गुंठे कमी मिळतील. आणि बारावी होईपर्यंत मोदी सोडू नका. त्या म्हणाल्या, अहो पण प्लॉटला टोकन देऊन झालंय. मग म्हटलं, राहू द्या प्लॉट. लगेच बांधा असं कुणी सांगितलंय?