रॉस बेटावरची सरकारी घरे

पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या धक्क्यावरून बोटीने आज रॉस बेटावर गेलो होतो. 2018 पासून त्याचे अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असले, तरी बोटवाले अजून ‘रॉस’च म्हणतात. 1858 नंतर अंदमानच्या बंदीवसाहतीचा कारभार येथूनच चालत असे आणि त्यामुळे मुख्य आयुक्तांच्या निवासापासून कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या क्लबपर्यंत सगळी सरकारी वस्ती या चिमुकल्या बेटावर दाटीवाटीने उभी होती. आयुक्तांचे घर अर्थातच उंचावर. हुद्द्याप्रमाणे क्वार्टर देण्याची आपली पद्धत काही नवी नव्हे!

जून 1941 च्या भूकंपाने येथील इमारतींना तडे गेले, पुढच्याच वर्षी जपानी आले आणि युद्धानंतर ही वस्ती पुन्हा नांदली नाही. आता छप्पर उरलेले नाही. पिंपळवर्गीय झाडांची मुळे विटांच्या भिंतींवरून वितळलेल्या मेणासारखी खाली उतरली आहेत. एका खिडकीच्या कमानीत तर मुळांचीच जाळी विणली गेली आहे आणि तिच्याआड एक चितळ निवांत रवंथ करत बसले होते. चितळेही साहेबांनीच आणलेली.

माहितीफलक बेकरी, छापखाना, चर्च यांची ओळख करून देतात. मात्र हे सारे ज्यांच्या सक्तीच्या श्रमातून उभे राहिले त्या कैद्यांबद्दल मला अधिक वाचायचे होते. परतताना समोर सेल्युलर जेल दिसले, जेथे सावरकर बंधूंना डांबले होते.