रिगरला शेपटी लागली

माझ्या रिगरची, म्हणजे मधल्या अंगाच्या दोन्ही बाजूंना तरंगते हात असलेल्या रिमोटवरच्या होडीची, पलटी थांबली. सगळ्या प्रकारची नव्हे, पण वाऱ्याविरुद्धच्या सरळ धावेत जी हमखास व्हायची, ती थांबली. जीपीएसवर ताशी ८४ किलोमीटर आले आणि होडी पाण्यावरच होती. मागच्या व्हिडिओत ७१ ला तिचा आकाशपाळणा झालेला ज्यांनी पाहिला, त्यांना या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

जागा तीच, डिचोलीकडची सोडून दिलेली चिरेखण. चवथीनंतर ती काठोकाठ भरलेली असते, पाणी गोडं, बेअरिंगना खाऱ्या पाण्याचा गंज नाही. त्रास एकच. चारी बाजूंना कापलेल्या चिऱ्यांच्या उभ्या भिंती. होडीनं उठवलेली लाट भिंतीवर आपटून परत येते आणि परतीच्या धावेत आपलीच लाट आपल्याला आडवी जाते. १९६७ च्या ४ जानेवारीला इंग्लंडच्या कॉनिस्टन सरोवरावर पाण्यावरच्या वेगाचे विक्रम करणाऱ्या डॉनल्ड कॅम्पबेलनं पहिली धाव ताशी २९७ मैलांनी काढली, पाणी निवळायची वाट न बघता आपली जेट होडी ब्लूबर्ड के-७ लगेच वळवली आणि ३०० च्या वर गेल्यावर नाक उचलून ती मागे उलटली. कारणांवर लोक अजून भांडतात, पण स्वतःच्या लाटा त्या भांडणात कायम हजर असतात. आम्ही दोन धावांच्या मध्ये चहा घेतो.

आता मुख्य दुखणं. सेकंदाला २४० फ्रेमवाल्या स्लो मोशनमध्ये पलटी एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितली. आधी डावा स्पॉन्सन, म्हणजे बाजूचा तरंगता हात, पाण्यापासून जेमतेम दोन बोटं सुटतो. पाणी त्याच्या तळच्या पॅडला चिकटलेलं असतं, त्याची एक चकचकीत पट्टी ताणली जाऊन तुटते. मग उजवा सुटतो. प्रोपेलर मात्र अजून पाण्यातच, ढकलतोय. नाक वर, टबचा, म्हणजे मधल्या मुख्य अंगाचा, पोटाकडचा सपाट भाग वाऱ्याला सामोरा, आणि तिथून उभी व्हायला साधारण साठ फ्रेम. म्हणजे पाव सेकंद. ‘थ्रॉटल सोड ना वेळेवर’ असा सल्ला देणाऱ्यांनी आपलं बोट पाव सेकंदात काय काय करतं ते एकदा तपासून बघावं.

ती नेहमी वाऱ्याविरुद्धच का उलटते, याचं गणित सोपं आहे आणि भीतीदायकही. होडीचा वेग ७५, वारा १५. वाऱ्याविरुद्ध जाताना तिला हवा लागते ९० ची, वाऱ्यासोबत जाताना ६० ची. उचल वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणून तीच होडी, तेच थ्रॉटल, पण एका दिशेला दुसरीच्या सव्वादोनपट उचल. सकाळी आठला शहाण्यासारखी पळणारी रिगर अकरा वाजता समुद्राकडचा वारा सुटला की अंगात आल्यासारखी का करते, ते यात आलं.

नाकात वजन टाका, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. टाकलं. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या टेपनं बसवल्या. पलटी थोड्या वरच्या वेगावर सरकली, स्पॉन्सन पाण्यात दाबले गेले आणि होडी सुस्तावली. आणखी गोळ्या, आणखी सुस्ती. स्ट्रटचं, म्हणजे प्रोपेलरचा दांडा धरणाऱ्या आधाराचं, मागचं टोक किंचित खाली केलं, म्हणजे प्रोपेलर शेपूट उचलतो आणि नाक दबतं. त्यानंही फरक पडला, पण वळणात मागचा भाग घसरायला लागला. या दोन्ही उपायांची गोम एकच: शिशाचं वजन वेगासोबत वाढत नाही. उचल वर्गानं चढत जाते, शिसं होतं तिथंच बसून राहतं. वर्गानं वाढणाऱ्या गोष्टीला तोंड द्यायला वर्गानंच वाढणारी गोष्ट हवी. म्हणजे मागे आडवा पंख. मोठ्या अनलिमिटेड हायड्रोप्लेनच्या, म्हणजे माणूस बसून पळवतो त्या शर्यतीच्या होड्यांच्या, मागे दोन उभ्या फिनांवर असतो तसा.

पंख २४० मिमी रुंद, पुढून मागे ६० मिमी, दोन्हीकडून सारख्या फुगवट्याचा, होडी पळताना बरोबर शून्य कोनात. होडी सपाट असेल तर तो काहीच करत नाही. नाक उचललं की त्याला कोन मिळतो, तो मागचा भाग वर उचलतो आणि नाक खाली येतं. शिवाय मागचा भाग उचलला की प्रोपेलर पाण्याबाहेर डोकावतो, ढकल कमी होते, वेग पडतो. हा दुसरा फायदा मी योजलेला नव्हता, फुकटात मिळाला. व्हिडिओत आता नाक तीन-चार अंश वर जातं, क्षणभर विचार करतं आणि खाली बसतं. तेवढा तुकडा मी घरातल्या सगळ्यांना दाखवून झालाय. भाचा सोडून कुणी पुन्हा बघायला तयार नाही.

बांधणीबद्दल दोन गोष्टी. आत थर्माकोल असेल तर ट्रॉलरवाल्यांचं स्वस्त पॉलिएस्टर रेझिन लावू नका, ते थर्माकोल खाऊन टाकतं. इपॉक्सीच घ्या, पैसे जातील पण पंख राहील. आणि कोन मोजायला फोनचं ॲप नको. सुतारकामाच्या दुकानात चुंबकवाला डिजिटल अँगल गेज मिळतो, मी म्हापशात घेतला. अर्ध्या अंशाचा फरक पाण्यावर दिसतो. प्रोपेलरबद्दल बोलावं तेवढं थोडं: धार लावून आणि बॅलन्स करून पाठवतो म्हणून जास्तीचे पैसे घेणाऱ्यानं ओतकामातून निघाले तसेच पाठवलेत, कडा अजून भोथऱ्या. शेवटी मीच कानस घेऊन बसलो.

राहिलेली पलटी वळणातून बाहेर पडतानाची. होडी तिरकी असते, वारा कडेनं आत शिरतो आणि पंख आडव्या वाऱ्यात निम्मा मुका होतो. यावर फोंड्याच्या रिमोट-कारवाल्या मित्राशी बराच काथ्याकूट झाला. त्याच्या स्पीड-रन गाडीलाही हाच आजार. त्याचं दैवत अर्थातच १९९९ ची फ्रान्समधली ल मां शर्यत, जिथं मर्सिडीजच्या सीएलआर शर्यती गाड्या हवेत उडाल्या: मार्क वेबर दोनदा, मग प्रत्यक्ष शर्यतीत पीटर डम्ब्रेक. चाकांच्या पुढेमागे लांब लोंबणारी बॉडी, चढाचा माथा, पुढच्या गाडीची ढवळलेली हवा. त्याला नॅस्कार या अमेरिकन कार शर्यतींमध्ये १९९४ पासून आलेल्या छतावरच्या झडपा लावायच्यात. मी म्हटलं, त्या गाडी फिरून उलटी धावायला लागली की उघडतात, तुझी तर सरळ जाताना उडते. त्यापेक्षा ल मांच्या गाड्यांना २०१२ पासून चाकांवरच्या बॉडीत पाडायला लावलेली भोकं बघ, खालचा दाब वर निसटून जातो.

पुढचा बेत पुढच्या बाजूला छोटा पंख आणि तो हलवायला जायरो, म्हणजे नाक उचललेलं ओळखणारा सेन्सर, असा होता. मोठ्या होड्यांत चालक हे काम पायानं करतो, आपल्याकडे सर्व्होच्या छोट्या मोटरनं केलं असतं. पण भोकांचं लिहिताना माझी नजर टेबलावरच्या होडीवर गेली. स्पॉन्सन धरणाऱ्या पुढच्या आडव्या नळीवर, म्हणजे बूमवर, हौसेनं चढवलेलं ते चपटं, पॉलिश केलेलं आवरण, म्हणजे फेअरिंग, हा सीजीच्या (गुरुत्वमध्याच्या) पुढे बसवलेला एक अख्खा पंखच आहे! पुढे उचल देणारा पंख ठेवायचा आणि मागे त्याला आवरणारा लावायचा, हा उलटा धंदा झाला. जायरो राहू दे. आधी फेअरिंग काढून नुसत्या गोल नळीवर पळवून बघतो. थोडा रोध वाढेल, वाढू दे. कुणाकडे ८ मिमीची कार्बन नळी अर्धा मीटर पडून असेल तर सांगा, माझी नळी फेअरिंग सोलताना चिरणार असं दिसतंय.