आलापल्लीच्या जंगलात 12 दिवस थुटं मोजली, जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

सागवान चोरी रोखायच्या कामाला चाललोय म्हटल्यावर मित्रांच्या डोळ्यासमोर रात्रीचा पाठलाग, टॉर्च, ट्रकच्या मागे जीप वगैरे आलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं होतं. प्रत्यक्षात 12 दिवस मी कंबर वाकवून थुटं मोजली. थूट म्हणजे झाड तोडल्यावर जमिनीत उरलेला बुंधा. तेच काम आहे आणि तेच महत्त्वाचं आहे, त्यामुळे थरार हवा असेल तर जाऊ नका.

जागा गडचिरोली जिल्हा, आलापल्ली आणि सिरोंचा यांच्या मधलं एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कुठल्या गावाने कोणाची माहिती दिली हे बाहेर गेलं की त्रास गावालाच होतो. ग्रामसभेला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेत, आणि त्याच कायद्याच्या कलम 5 मध्ये जंगल राखायचा अधिकारही ग्रामसभेला दिलाय. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये ही वाट पाडली, आता जिल्ह्यात बरीच गावं त्या वाटेवर आहेत. गावातली पोरं आळीपाळीने गस्त घालतात, आम्ही बाहेरचे चौघं फक्त नोंदी ठेवायला.

रेल्वे बल्लारशाहपर्यंतच. तिथून गोंडपिपरी, आष्टी करत एसटीने आलापल्ली, आणि पुढे सिरोंचा रोड, ज्याबद्दल एवढंच सांगतो की पाठीचा त्रास असेल तर पुढच्या सीटवर बसा. शेवटची बस चुकवू नका, मी चुकवली आणि रात्र स्टँडवर डासांना रक्तदान करण्यात गेली. वेळ हातात असेल तर बल्लारपूरचं सरकारी लाकूड आगार बघा, अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी मार्च 2023 मध्ये सागवान इथूनच गेलं होतं. आलापल्लीहून भामरागड रोडला 'वनवैभव' आहे, राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ. तिथले म्हातारे साग एकदा बघून घ्या म्हणजे नंतर थूट बघताना काय गेलंय ते कळतं.

आता कामाबद्दल. वनखातं जे झाड कायदेशीर तोडतं त्याच्यावर आधी नंबर पडतो आणि अगदी बुडाशी हॅमरचा ठसा मारतात, म्हणजे झाड गेलं तरी ठसा थुटावर राहतो. ठसा नाही म्हणजे चोरी. मग गोलाई मोजायची, जीपीएस घ्यायचं, फोटो काढायचा, कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर) लिहायचा. गोलाईवरून किती घनमीटर माल गेला त्याचा अंदाज निघतो आणि त्यावर गुन्ह्याचा कागद तयार होतो. लाकूड पकडलं तरी ते कुठल्या थुटाचं हे दाखवता आलं नाही तर पुढे 'आमच्या शेतातला साग आहे साहेब' म्हणायला सगळे मोकळे.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. माझ्या बाबांचं वर्ध्याला फर्निचरचं दुकान आहे, लाकूड मला कळतं असा माज होता, त्यामुळे कोणाला न विचारता सकाळभर थुटं या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी मोजत बसलो, म्हणजे व्यास. पाहिजे होता घेर, टेप गुंडाळून, सेंटीमीटरमध्ये. त्या बीटच्या (गस्तीच्या हद्दीच्या) वनरक्षक मॅडमनी वही बघितली, काही बोलल्या नाहीत, नुसता टेप माझ्या हातात परत दिला. 31 थुटं पुन्हा मोजली. मोबाईलचं लोकेशन कुठल्या पद्धतीने लिहायचं (दशांशात की अंश-मिनिटात) तेही आधीच ठरवून घ्या, त्यात आमच्यातल्या दुसऱ्याचा एक दिवस गेला.

एक थूट लक्षात राहिलं. नाल्याच्या काठाला, वर माती लिंपलेली, त्यावर पाला. आम्ही तर पुढे निघून गेलो होतो, सोबतचे मामा थांबले आणि पायाने पाला सारला. माती खरवडली तर खाली लाकूड ओलंच, ढलप्या ताज्या, आणि तो सागाचा चामड्यासारखा वास, जो मला दुकानातून माहीत होता पण जंगलात पहिल्यांदा आला. बुंध्याला फुटलेलं कोवळं पान मामांनी तळहातावर चोळलं, हात लालभडक. "साग हाय ना जी?" म्हणे. मी काय बोलणार.

माल जातो कुठे तर नदीपलीकडे, प्राणहितेच्या पल्याड तेलंगणा. मला वाटायचं ओंडका पाण्यात ढकलला की वाहत जातो, पण ओला साग बुडतो. ब्रह्मदेशात म्हणूनच झाड उभ्याउभ्या साल कापून दोन-तीन वर्षं वाळवायचे आणि मग नदीत सोडायचे. इथे, मामांच्या सांगण्याप्रमाणे, चौरस करून ठोकळे लपवून ठेवतात आणि पावसाळ्यात तराफे बांधून रात्री सोडतात. पकडला जातो तो रात्रीच्या मजुरीवर ओझं वाहणारा, ज्याने ऑर्डर दिली तो कधीच जंगलात दिसत नाही. हे बघून चिडचिड होते, ती घरी येऊनही जात नाही.

जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारी धरा. तोपर्यंत धानाची कापणी उरकलेली असते, मार्चनंतर लोक मोहफुलं वेचण्यात गुंतलेले असतात आणि वणवे लागतात, थुटंसुद्धा जळतात. पावसाळ्यात नाले रस्ता अडवतात. मच्छरदाणी न्याच, हिवताप इथे गंमत नाही, परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला गडचिरोली आधी सांगा. कॅश ठेवा, नेटवर्क गृहीत धरू नका, नकाशे ऑफलाईन उतरवा. ग्रामसभा आणि वनखातं दोघांची परवानगी लेखी घ्या, कोणी ओळखीचं आहे म्हणून आत शिरू नका. सिरोंच्याकडे तेलुगू चालते, आत माडिया, मराठीवर भागतं पण चार शब्द शिका. थुटाचे फोटो लोकेशनसकट स्टेटसला टाकू नका, माणसांचे तर नकोच. आणि गावात कोणाच्या घराला नवीन सागाची दारं दिसली की लगेच चोर ठरवू नका, घरापुरतं लाकूड हा इथे जुना हक्क आहे, मी पहिल्या संध्याकाळी असा एक प्रश्न विचारला आणि दोन दिवस माझ्याशी कोणी नीट बोललं नाही.

सागवान विकत घेत असाल तर बिलासोबत वाहतूक परवाना मागा. घरी आल्यावर मी बाबांनाच मागितला, दुकानामागे रचलेल्या मालाचा. आधी हसले, मग चिडले, मग आईला फाईल कुठे ठेवलीस विचारायला लागले. दोन दिवस लागले, पण सापडली. चार ठोकळ्यांचा कागद मात्र अजून शोधतायत.