तेलकट खाऊ नकोस!

दमेकऱ्याच्या कानावर हे वाक्य लहानपणापासून पडत असतं. सांगणारी आजी, ऐकणाऱ्याचा डोळा भज्यांच्या ताटलीवर. आजीचं म्हणणं खरं ठरतं, फक्त खापर ती कफावर फोडते. तळणामुळे पोट उशिरा रिकामं होतं, अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप सैलावते आणि माणूस आडवा झाला की आम्ल वर सरकतं. मग आधीच हुळहुळ्या असलेल्या श्वासनलिका आवळायला वेळ लागत नाही. जेवण आणि अंथरूण यांत तीन तासांचं अंतर ठेवलं, तर भज्यांवरचा बराचसा आरोप मागे घेता येतो.

सगळा नव्हे. 2011 साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दमेकऱ्यांना एका बैठकीत 60 ग्रॅम स्निग्धांश खायला दिला. चार तासांनी त्यांच्या थुंकीतल्या न्यूट्रोफिल, म्हणजे दाहाच्या जागी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, आणि श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या पंपाचा गुणही कमी आला. 60 ग्रॅम म्हणजे चारेक मोठे चमचे तेल. तर्रीदार मिसळ आणि जोडीला बटाटेवडा घेतला, की फार मागे राहत नाही आपण.

पण धूळ-परागकणांच्या ॲलर्जीतून येणाऱ्या दम्यात मुख्य पेशी इओसिनोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आणि तिथे स्निग्धांशाचं काम संथ चालतं. पेशींच्या पातळ आवरणात ॲराकिडोनिक नावाचं स्निग्ध आम्ल असतं. ॲलर्जीची ठिणगी पडली की एक एन्झाइम त्यापासून ल्युकोट्राइन नावाची रसायनं तयार करतं. श्वासनलिका आवळणं, सूज, चिकट स्राव ही सगळी त्यांचीच करणी. हे नाव 1979 साली स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांनी दिलं. 1982 च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते. रात्री घ्यायची मॉन्टेलुकास्टची गोळी या ल्युकोट्राइनना त्यांच्या जागी बसू देत नाही. आवरणात मासळीतलं ईपीए हे ओमेगा-3 गटातलं स्निग्ध आम्ल असेल, तर तेच एन्झाइम त्यापासून कितीतरी सौम्य ल्युकोट्राइन बनवतं. गिरणी तीच, दळण बदललं की पीठ बदलतं.

आता तेलाच्या डब्याकडे वळू. नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे 75 टक्के आणि सूर्यफुलाच्या तेलात 60 टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-6, असतं. शेंगदाणा तेलात ते तिसेक टक्के, पण ओमेगा-3 जवळजवळ नाहीच. मोहरीत आणि सोयाबीनमध्ये ते थोडं सापडतं. शरीर ॲराकिडोनिक लिनोलेइकपासूनच बनवतं, पण लिनोलेइक जास्त खाल्लं म्हणून ॲराकिडोनिक त्याच पटीत वाढत नाही, तेव्हा सूर्यफुलाला खलनायक ठरवायची घाई नको. त्याचा उपद्रव वेगळाच: जवसातल्या ओमेगा-3 चं ईपीए ज्या एन्झाइमने व्हायचं, ते लिनोलेइक अडवून बसतं. म्हणून नुसतं जवस वाढवून भागत नाही, डब्यातलं तेलही बदलावं लागतं.

जवस अख्खं खाल्लं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावं, पूर्ण गार झाल्यावरच दळावं. गरम दळलं तर तेल सुटून गोळा होतो. दळलेलं लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच करून फ्रिजमध्ये ठेवावं. 10 ग्रॅम जवसात दोनेक ग्रॅम ओमेगा-3 मिळतं, पण त्याचं ईपीए जेमतेम पाच-दहा टक्के होतं. बांगडा-तारलीत ते तयारच असतं. मासळीची ॲलर्जी नसेल तर कालवण करावं. बुडवून तळलं, तर मासा तेल पितो आणि स्वतःचं थोडं कढईत सोडतो.

आधीच दमा असलेल्या मोठ्यांवर मत्स्यतेलाचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. जमलं ते आईच्या पोटातल्या बाळांत: 2016 साली प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनच्या चाचणीत गरोदर बायकांना 24 व्या आठवड्यापासून रोज 2.4 ग्रॅम ओमेगा-3 दिलं, आणि मुलांमधला सततचा घरघराट वा दमा 23.7 टक्क्यांवरून 16.9 टक्क्यांवर आला. रक्तात मुळातच ईपीए आणि डीएचए ही मासळीतली ओमेगा-3 आम्लं कमी असलेल्या आयांच्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. हैदराबादला मृग नक्षत्र लागताच मरळीचं जिवंत पिल्लू दम्यावरच्या औषधासकट गिळायला रांगा लागतात. त्या बोटभर पिल्लातून किती ओमेगा-3 मिळणार, हा हिशेब कोणी मांडत नाही.

धीर मात्र हवा. अंगावरच्या चरबीतलं लिनोलेइक निम्मं बदलायला दीड-दोन वर्षं लागतात. तोवर डॉक्टरांनी दिलेला पंप सोडायचा नाही, आणि जवसाची चटणी गोड लागते म्हणून डोसही कमी करायचा नाही.

कढईतलं तेल मात्र इतका वेळ देत नाही. धुरावलेल्या तेलातून ॲक्रोलिन नावाचा झोंबरा वायू उठतो आणि थेट श्वासनलिकेला लागतो. त्यात मिरची पडली की ठसका ठरलेला. पुन्हापुन्हा तापवलेलं तेल आणखी लवकर धुरावतं. मोहरी तडतडली की आच कमी करावी, मिरची त्यानंतर टाकावी. आणि तळणाचा घाणा असेल त्या दिवशी दमेकऱ्याला खुशाल बाहेर ओट्यावर बसवून भजी तिथेच नेऊन द्यावीत, मोजून चार.