पाठ कोण बघतंय

मे महिन्यात ताईचा लेक आमच्याकडे राहायला आला की घरात चालताना पायाखाली काहीतरी टोचतंच. परवा दुपारी तो झोपला होता तेव्हा टोचला तो दुमडला की ट्रक होणारा खेळण्यातला रोबो. उचलला आणि सवयीनं उलटा केला. ही माझी जुनी खोड. कुणाकडे चहाला गेले तरी मी बशी उलटी करून बघते, स्टूल उलटं करते, आणि नवरा दुसरीकडे बघत बसतो.

रोबो समोरून रुबाबदार. छाती लालभडक, डोळ्यांत निळे ठिपके. पाठीवर मात्र रंगाचा टिपूस नाही, आणि हात आतून पोकळ, कुल्फीच्या साच्यासारखा. त्या पोकळीत लेकरानं एक शेंगदाणा दडवला होता.

मला तो पोकळ हात आवडला. पैसे नेमके कुठे संपले ते तिथं दिसत होतं. या खेळण्यांची किंमत आधी ठरते, खोक्याचं माप ठरतं, आणि मग डिझायनर बिचारा त्यात सांधे, प्लास्टिक, रंग बसवत राहतो. चेहऱ्यावर एक रंग वाढला की गुडघ्यावरचा जातो. साचा तर पोलादाचा, महागडा. तो पिळून पिळून वापरायचा. १९८४ साली हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीनं ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे असेच रूप बदलणारे रोबो, बाजारात आणले तेही जपानच्या टाकारा कंपनीचे तयार साचे घेऊन. पहिल्याच वर्षीची तीन विमानं, स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प, एकाच साच्यातली. एक करडं, एक निळं, एक काळं. झाली तीन पात्रं!

आमच्याकडे उलट असायचं. गिरगावच्या चाळीत दिवाळीला एकच तागा यायचा आणि त्यातून ताईचा फ्रॉक, दादाचा बुशशर्ट, माझा फ्रॉक. रंग एक, माणसं तीन. मी शेंडेफळ, त्यामुळे कापड संपायचं ते माझ्यापाशी. एका वर्षी आईनं माझ्या पाठीला तिच्या जुन्या परकराचा तुकडा लावला. पुढून गुलाबी फुलं, मागून विटका जांभळा. वर पट्ट्याची ही एवढी मोठी गाठ मारून म्हणाली, "पाठ कोण बघतंय गं?"

मी ती अख्खी दिवाळी गॅलरीत भिंतीला पाठ टेकून काढली. फुलबाजीसुद्धा तिथूनच. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोर किती शहाणी, अंगणात धुडगूस नाही घालत.

आईनं त्या वर्षी स्वतःला काय शिवलं होतं, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

तेवढ्यात लेकरू उठलं. मी घाईघाईनं रोबोचा पुन्हा ट्रक करायला गेले. एक हात बाहेर लटकत राहिला. लेकराला त्याचं काही नव्हतं.

"मावशी, माझा शेंगदाणा?"

तो मी खाल्ला होता.