नखाएवढं पदक

आठवीत असताना वाचनालयाच्या पायरीवर मला एक पदक सापडलं. लंबगोल, अॅल्युमिनियमचं, अंगठ्याच्या नखाएवढं. वर एका बाईंची आकृती आणि पायाखाली काहीतरी वळवळीत. दोरी असावी, असं मी ठरवून टाकलं. लोकांना दोरीचा साप दिसतो, मला सापाची दोरी दिसली.

पदक शाळेतल्या सिस्टरांचं, म्हणजे ख्रिस्ती जोगिणीचं, निघालं. परत द्यायला गेलो, तर त्यांनी भिंगच हातात दिलं. "आधी नीट बघ, मग दे." मधली सुट्टी त्यातच गेली. मरियामाता पृथ्वीगोलावर उभी, पायाखाली साप, दोन्ही हातांतून किरण. चेहरा मात्र झिजून सपाट. प्रार्थना करताना सिस्टरांचा अंगठा नेमका तिथेच फिरायचा.

१८३० साली पॅरिसमध्ये कॅथरीन लाबूरे या व्रतदीक्षेच्या तयारीत असलेल्या मुलीला झालेल्या दर्शनावरून हे पदक आलं. पहिली पदकं घडली १८३२ मध्ये, शहरात कॉलऱ्याची साथ चालू असताना. दर्शनातल्या मरियामातेच्या बोटांतल्या अंगठ्यांचे काही खडे विझलेले होते. किरण म्हणजे कृपा; विझलेल्या खड्यांची कृपा लोक मागायलाच विसरतात, असं सिस्टर म्हणाल्या. मी ताबडतोब गणितात पास होण्याची मागितली. (मिळाली. काठावर.)

मागच्या बाजूला माणूसच नाही. इंग्रजी 'एम', त्यावर क्रूस, खाली दोन हृदयं: येशूच्या हृदयाभोवती काटे, आईच्या हृदयात तलवार. कडेने बारा तारे. मजकूर एक अक्षर नाही. मागे काय लिहायचं, यावर 'एम आणि दोन हृदयं पुरेसं बोलतात' असं उत्तर कॅथरीनला मिळालं होतं म्हणे. मी ते चित्रकलेच्या वहीत पानभर काढलं. सिस्टरांनी तारे मोजले. अकरा!

पुढे मी ठसे कोरण्याच्या कामातच पडलो. यंदा शाळेच्या महोत्सव समितीने स्मृतिपदक माझ्याकडे सोपवलं आणि सूचनांचा पाऊस पडला. इमारत हवी, बोधवाक्य हवं, घंटासुद्धा हवी. शेवटी मी संत बेनेडिक्ट या ख्रिस्ती मठवासी संताचं पदक टेबलावर ठेवलं. तेही महोत्सवाचंच, त्यांच्या जन्माला १४०० वर्षं झाली म्हणून १८८० साली घडवलेलं. त्यावर विषाचा फुटका पेला, विषारी पावाशी कावळा, आणि मागच्या क्रूसावर अख्ख्या प्रार्थनेची नुसती आद्याक्षरं.

समितीने इमारत सोडली. बोधवाक्याची आद्याक्षरं राहिली. घंटेवरून मात्र अजून रुसवे आहेत. मागच्या बाजूला, दहा इयत्तांचे दहा तारे आहेत. साचा बनवण्याआधी तीनदा मोजले.